हे पान दाखवू नये

१

बावन्न वर्षांचा झाला तरी सगळे त्याला धाकटाच म्हणत. थोरल्या भावाने लहानपणी म्हणायला सुरुवात केली आणि ते जे चिकटलं ते चिकटलंच. छापखाना बंद पडल्यावर धाकटा पुस्तकं वाचून, चुका करत, वेबसाइट बनवायला शिकला होता. आता एक चष्मेवाला, एक शिंपीणबाई, दोन दवाखाने, एक कुलूपवाला अशा बावीस गिऱ्हाइकांच्या साइट तो सांभाळायचा. हाताला धरून शिकवायला कुणी नसल्यामुळे त्याने स्वतःला एक शिस्त लावून घेतली होती. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा : किती वाजले, आधी काय होतं, काय केलं, काय झालं. कुलूपवाला म्हणायचा, "तुमची ही वही भरेस्तोवर माझी तिजोरी चोराने दोनदा उघडून नीट लावून ठेवली असेल."

रोज सकाळी चहाबरोबर तो बावीस साइट नजरेखालून घालायचा आणि शेवटी तेविसावी उघडायचा. ती दादाची.

दादा वजनकाटे दुरुस्त करायचा. सोनारांचे, औषधवाल्यांचे, शाळांच्या प्रयोगशाळांचे. सात वर्षांपूर्वी एका सकाळी, "एक काटा पोचवून येतो," म्हणून घरातून निघाला तो परत आला नाही. पोलीस झाले, इस्पितळं झाली, ओळखीपाळखीचे झाले. शेवटी धाकट्याने दादाच्याच साइटवर त्याचा फोटो लावला. खाली लिहिलं : उंची पाच फूट सात इंच, हनुवटीवर जुना व्रण, अंगात फिकट निळा सदरा, कुणाला दिसल्यास कृपया कळवावे. आणि वहिनींचा फोन नंबर. दादाचं नाव शोधलं की हे पान पहिलं यायचं. सात वर्षांत नऊ फोन आले. नऊही वेळा तो माणूस दुसराच निघाला.

त्या सोमवारी वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, हे दिसत नाहीयेत."

"कोण? कुठे?"

"अहो, इंटरनेटवर. मी रोज नाव टाकून बघते. परवापर्यंत पहिले यायचे. आज त्याच नावाचा एक दातांचा डॉक्टर येतोय, त्याच्याखाली कुणी धावण्याच्या शर्यतीतला पोरगा. सात पानं उलटली मी. हे नाहीतच."

"होतं असं कधी कधी. बघतो मी."

"लवकर बघा हो. महिनाच राहिलाय."

कसला महिना, ते धाकट्याला विचारावं लागलं नाही. सात वर्षं पूर्ण झाली की कोर्टात अर्ज करता येत होता. एक शिक्का बसला असता आणि दादा कायद्याने गेलेला ठरला असता. दादाच्या मुलीने, धाकट्याच्या पुतणीने, अर्ज तयार ठेवला होता. आईने त्या घरात एकटीने किती वर्षं काढायची, असं तिचं म्हणणं, आणि ते चुकीचं नव्हतं. वहिनींनी सही करायचं कबूल केलं होतं, पण एका अटीवर. शेवटचा महिनाभर ते पान जगात कुणालाही, कुठूनही दिसलं पाहिजे. कुणाला काही कळवायचं असेल तर त्याला तेवढी संधी मिळायला हवी.

२

कारण सापडायला दहा मिनिटं लागली. दादाच्या साइटवर धाकट्याने एक एसईओ प्लगइन बसवलेलं होतं, साइट शोधयंत्रांना नीट दिसावी म्हणून तिला जोडतात तसलं छोटं साधन. त्याच्या प्रत्येक पानाखाली एक लहान चौकोन असतो : 'शोधयंत्रांनी हे पान दाखवू नये.' दादाच्या पानाखाली त्या चौकोनात बरोबरची खूण होती.

हे तो पन्नासदा निस्तरून बसला होता. प्लगइनची नवी आवृत्ती आली की कधी एखादी खूण आपोआप उमटते. त्याने खूण काढली, साठवलेल्या जुन्या प्रती पुसल्या, शोधयंत्राला पान पुन्हा तपासायची विनंती पाठवली आणि वहीत लिहिलं : सोमवार, ४.२०. खूण होती. काढली.

मंगळवारी खूण परत होती.

त्याने बाकीची प्लगइनं एकेक करून बंद केली. बुधवारी खूण होतीच. त्याने ते एसईओ प्लगइनच काढून टाकून कोरं करकरीत पुन्हा बसवलं. गुरुवारी खूण होती. मग त्याने तोच मजकूर आपल्या नावाने एका नव्या पानावर चिकटवला. शोधयंत्राने ते पाहिलं आणि नाकारलं. उत्तर आलं : ही दुसऱ्या पानाची प्रत आहे, आणि मूळ पान दाखवायला मालकाची मनाई आहे.

मालक.

धाकट्याने तो शब्द वहीत लिहिला. मग त्याने पानाची मूळ नोंद उघडली आणि सात वर्षांपूर्वीची स्वतःची चूक त्याच्यासमोर आली. त्या घाईगर्दीत त्याने नवं पान बनवलंच नव्हतं. दादाने स्वतःची ओळख म्हणून लिहिलेलं पान होतं, 'मी काटे दुरुस्त करतो, गेली तीस वर्षं,' तेच उघडून मजकूर खोडला होता आणि त्याच जागी सूचना लिहिली होती. पान अजून दादाच्याच खात्यावर होतं. म्हणजे यंत्राच्या लेखी, हा माणूस हरवला आहे हे दादानेच लिहिलेलं होतं.

३

"अहो, मला वाटलं प्लगइन झपाटलंय!" सर्व्हरवाला फोनवर हसला. दहा वर्षं त्याचा आवाज कानावर होता, तोंड पाहिलेलं नव्हतं. ज्या यंत्रावर या सगळ्या साइट राहत, ते त्याच्या ताब्यात होतं. "हे तर घरचंच काम दिसतंय. गेला आठवडाभर रोज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तुमचे दादा येतात, तो चौकोन भरतात आणि जातात. एक दिवस चुकत नाहीत. निवृत्त आहेत का?"

धाकट्याने वही पुढे ओढली. या माणसाला दादाबद्दल त्याने कधी काही सांगितलं नव्हतं.

"कुठून येतात?" त्याने विचारलं.

सर्व्हरवाल्याने त्या जोडणीच्या पत्त्याचे आकडे वाचून दाखवले. धाकट्याने ते वहीत उतरवून घेतले, पण त्याची गरज नव्हती. वहिनींच्या घरातलं इंटरनेट त्यानेच जोडून दिलं होतं. ते आकडे त्याला तोंडपाठ होते.

पहिला विचार वहिनींचाच आला आणि त्याची त्यालाच लाज वाटली. पण विचार बुद्धीला धरून होता. सही करायची नाही म्हणून एखादी बाई असंही करेल. आपणच झाकायचं आणि आपणच, दिसत नाही, म्हणून रडायचं. दुःखात माणूस काय करत नाही? पण वहिनींना फोनवर नाव शोधण्यापलीकडे काही येत नव्हतं. प्लगइन हा शब्दसुद्धा त्यांना नीट म्हणता यायचा नाही.

त्याने दादाच्या खात्याचा पासवर्ड बदलला. नवा वीस अक्षरांचा, कुणाच्या बापाला सुचणार नाही असा, फक्त वहीत लिहिलेला.

शनिवारी अकरा वाजून अकरा मिनिटांनी त्याने पान उघडलं. खूण होती.

या वेळी सर्व्हरवाला हसला नाही.

"मी नीट बघितलं," तो म्हणाला. "ते रोज येतच नाहीत."

"म्हणजे?"

"आत यायचं तर पासवर्ड टाकावा लागतो, त्याची नोंद होते. तशी एकच नोंद आहे. सात वर्षांपूर्वीची, सकाळी अकरा दहाची. त्यानंतर बाहेर पडल्याची नोंद नाही. हे असं राहत नाही हो. आम्ही दर पंधरवड्याला सगळ्यांना बाहेर काढतो. पासवर्ड बदलला तर लगेच. दोनदा यंत्र बदललं आम्ही मधे. आत असलेल्यांच्या यादीत सगळे नवे आहेत, आणि वर एक हा."

"चुकली असेल नोंद."

"चुकली असेल," सर्व्हरवाला म्हणाला. मग जरा हळू आवाजात, "तुम्ही ते खातं उडवून का टाकत नाही?"

का टाकत नाही, हे धाकट्याला सांगता आलं असतं. पहिल्याच वर्षी तो ते करायला बसला होता. 'काढून टाका' दाबल्यावर यंत्राने विचारलं होतं : या व्यक्तीने लिहिलेल्या सगळ्याचं काय करायचं? सगळं नष्ट करायचं, की दुसऱ्या कुणाच्या नावावर करायचं? धाकटा त्या प्रश्नासमोर पाऊण तास बसला होता आणि काही न दाबता उठला होता.

४

रविवारी साडेदहाला तो लॅपटॉप घेऊन वहिनींकडे गेला.

"सकाळी सकाळी?" वहिनींनी दार उघडलं. "जेवूनच जायचं हं. नाही म्हणायचं नाही."

"दादाच्या खोलीत जरा बसू का? तिथला संगणक तपासायचाय."

वहिनींचा हात दाराच्या कडीवर तसाच राहिला. "तो बंद आहे हो. वायरसुद्धा काढून ठेवलीय मी."

"तरी बघतो."

"बसा," त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. त्याच्याबरोबर खोलीपर्यंत आल्या नाहीत.

मागची खोली होती तशीच होती. दादा इथली खिडकी कधी उघडू द्यायचा नाही. वाऱ्याने काटे हलतात. भिंतीला लागून संगणक, त्यावर कापडाचं झाकण, झाकणावर वेटोळं करून ठेवलेली वायर. धाकट्याने झाकण उचललं. कळांवर धूळ होती, सगळ्या कळांवर सारखी. त्याला हायसं वाटलं. बघ, तो स्वतःशी म्हणाला, कुणी हात लावलेला नाही. दुसरं कुणीतरी, कुठूनतरी, इथले आकडे वापरतंय. होतं तसं. तसं कसं होतं ते त्याला अजून ठाऊक नव्हतं, पण शोधलं की सापडेल.

संगणकाच्या बाजूला टेबलावर दादाचा नाजूक काटा होता. काचेच्या पेटीतला, दोन पारड्यांचा, केस तोलेल असा. पेटीचं पुढचं दार वर सरकवलेलं होतं. दुरुस्तीत अडकला की दादा या काट्यासमोर बसायचा. त्याचा श्वाससुद्धा काट्याला लागायचा, म्हणून आकडा वाचताना तो श्वास धरायचा, आणि लहानपणी धाकटाही दारात उभा राहून त्याच्याबरोबर धरायचा. दादा न बघता म्हणायचा, "सोड रे धाकट्या. निळा पडशील."

खुर्ची टेबलासमोर होती. तिच्यावर बसणं धाकट्याच्या जिवावर आलं. तो दारापाशी स्टुलावर बसला, खुर्चीपासून पाच हातांवर. मांडीवर लॅपटॉप उघडला, पान उघडलं, चौकोनातली खूण काढली. वहीत लिहिलं : रविवार, १०.५२. काढली.

स्वयंपाकघरात भांडं वाजलं. मग तेही थांबलं.

अकरा वाजले. अकरा पाच. कुठेतरी लाकूड कुरकुरलं. धाकट्याचं लक्ष लॅपटॉपवर होतं, म्हणून काटा कधी हलायला लागला ते त्याला कळलं नाही. डोळ्याच्या कडेला काहीतरी लकाकलं म्हणून त्याने मान वर केली. मधली सुई हलत होती. इकडे जराशी, मग तिकडे जराशी. पुन्हा इकडे.

वारा, त्याने मनाशी म्हटलं. खिडकीला कडी होती. मग आपला श्वास. पाच हातांवरून? त्याने तोंडावर हात धरला आणि श्वास थांबवला.

सुई हलत राहिली. सावकाश, एकसारखी. जात होती, थोडी थांबत होती, परत येत होती. वय झालेला माणूस शांत बसला की त्याची छाती जशी हलते तशी.

मग सुई थांबली. मधोमध, ताठ. कुणीतरी आकडा वाचायचा म्हणून श्वास धरला होता.

धाकट्याने खाली लॅपटॉपकडे पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. चौकोनात खूण होती.

त्याने पुन्हा वर पाहिलं नाही. त्यामुळे सुई नंतर हलली की नाही हे त्याला माहीत नाही. खुर्ची त्याला अगदी डोळ्याच्या कडेला दिसत होती आणि तेवढी दिसत होती तीसुद्धा त्याला नको होती. वही त्याने तिथेच उघडली नाही. लॅपटॉप न मिटताच छातीशी धरून तो बाहेर आला.

वहिनी ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"झालं?" त्यांनी न वळता विचारलं.

"झालं."

"बिघाड कळला?"

"कळेल," धाकटा म्हणाला. जेवायला तो थांबला नाही.

५

दोन दिवस त्याने तेविसावी साइट उघडली नाही. शिंपीणबाईंच्या पानावरचे फोटो सरळ केले, एका दवाखान्याच्या वेळा बदलल्या, दोन्ही वहीत लिहिलं. रविवारचा रकाना अर्धाच राहिला होता. काय झालं, या रकान्यात काय लिहायचं हे त्याला सुचत नव्हतं.

मंगळवारी पुतणीचा फोन आला.

"काका, आईने आज पुन्हा विचारलं. ते पान झालं का सुरू?"

"करतोय गं."

"तिला ते दिसलं की ती सही करेल. मला सही महत्त्वाची नाही हो काका. पण ती कुठेच येत नाही. दोन दिवस माझ्याकडे ये म्हटलं तर म्हणते, सकाळचं मला घरी असावं लागतं. कशाला असावं लागतं? विचारलं की गप्प. बाबांना काय वाटत असेल हो? असतील कुठे तर?"

"माहीत नाही बाळा."

धाकट्याने फोन ठेवला. त्या चौकोनाचा अर्थ लावायचाच म्हटला तर एकच लागत होता. आपण हरवलोय, हे दादाला मान्य नव्हतं, आणि आता तर त्यावर कोर्टाचा शिक्का बसणार होता. आणि असले अर्थ लावणारा माणूस कामाचा राहत नाही, हेही धाकट्याला कळत होतं. एका बाजूला जिवंत बाई होती, महिन्यातले जेमतेम तीन आठवडे उरलेली. दुसऱ्या बाजूला एक बिघडलेली नोंद, आणि काचेच्या पेटीतली एक सुई.

आणि भीती होती. नंतर त्याने स्वतःपाशी कबूल केलं, की सगळ्यांत जास्त भीतीच होती. ज्याच्या खांद्यावर बसून त्याने मोठं जग पाहिलं, त्याचीच भीती.

बुधवारी सकाळी अकरा वाजता त्याने दादाचं खातं उघडलं आणि 'काढून टाका' दाबलं. यंत्राने तोच प्रश्न विचारला. या व्यक्तीने लिहिलेल्या सगळ्याचं काय करायचं? त्याने स्वतःचं नाव निवडलं. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं : ही क्रिया परत फिरवता येणार नाही. अकरा वाजून चार मिनिटांनी त्याने होकार दिला आणि वेळ वहीत लिहिली.

मग त्याने खूण काढली आणि बसून राहिला.

अकरा दहा. अकरा अकरा. अकरा वीस.

चौकोन रिकामा होता.

६

"दिसतात हो भाऊजी! पहिलेच दिसतात. डॉक्टर खाली गेला."

वहिनींचा आवाज इतका मोकळा त्याने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. तो शनिवार होता.

"बरं झालं," धाकटा म्हणाला.

"किती त्रास दिला मी तुम्हाला. नेमकं काय झालं होतं?"

"एक खातं अडकलं होतं. मोकळं केलं."

"बाई! एवढंच?"

"एवढंच."

त्या हसल्या. मग काही बोलल्या नाहीत. फोन ठेवला असेल असं वाटून तोही ठेवणार होता, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "भाऊजी, एक विचारू? हसणार नाही ना?"

"नाही. बोला."

"तुम्ही इथलंही काही बंद केलंय का? त्या खोलीतलं?"

धाकट्याच्या हातातलं पेन थांबलं. "नाही. का हो?"

"काही नाही. सकाळी अकराच्या सुमाराला तिथे जरासा आवाज व्हायचा. खुर्ची सरकल्यासारखा. मग पाच-दहा मिनिटं काही नाही, आणि पुन्हा खुर्ची. मी म्हटलं, लाकूड आहे, उन्हाने फुगत असेल. मी काही कधी बघायला गेले नाही. उगाच बघायचं, आणि काही नसायचं." त्यांनी श्वास घेतला. "मी तेव्हा इकडे ओट्याशी असते. भाजी चिरत असले तर हात थांबवते. तेवढंच आपलं, घरात कुणी आहे असं वाटतं. बुधवारपासून येत नाही तो आवाज."

"किती वर्षं यायचा?" धाकट्याने विचारलं.

"पहिल्यापासूनच," वहिनी म्हणाल्या. "हे गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. तुम्ही म्हणाल, वेडी आहे."

"नाही वहिनी."

"येईल का हो परत? लाकूड आहे. हवा बदलली की येईल, नाही का?"

"येईल," धाकटा म्हणाला.

७

कुणाचाही फोन आला नाही. पान सगळ्या जगाला दिसत होतं आणि जगात त्या पानाशी कुणालाच काही काम नव्हतं. महिना संपला तेव्हा वहिनींनी सही केली. पुतणी त्यांना घेऊन गेली. सकाळचं घरी असावं लागतं, असं त्या आता म्हणाल्या नाहीत.

धाकटा अजून रोज चहाबरोबर बावीस साइट बघतो आणि शेवटी तेविसावी उघडतो. पान आता त्याच्या नावावर आहे. 'उंची पाच फूट सात इंच, हनुवटीवर जुना व्रण,' आणि लिहिणारा : धाकटा. अकराला तो कामं बाजूला ठेवतो. एकदा त्याने स्वतःच चौकोनात खूण करून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पाहिली. जशीच्या तशी होती. आपण ठेवलेली वस्तू रिकाम्या घरात जशी राहते तशी.

सही झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने एक नवं खातं उघडलं. नाव तेच, दादा. पासवर्ड ठेवला तो जुना, दादाचा, चार अक्षरांचा, कुणालाही ओळखता येईल असा. यंत्राने ते काही न विचारता नोंदवून घेतलं. शेजारच्या रकान्यात त्या खात्यातून शेवटचं कोण कधी आत आलं ते दिसतं. तिथे दोन शब्द उमटले, आणि ते त्याने त्या दिवशी वहीत उतरवून घेतले. अकरा दहा होऊन गेले की तो रोज ते उतरवून घेतो, कारण रकाना कोरा ठेवायची त्याला सवय नाही.

कधीच नाही.